दत्तक घ्यायचंय? आधी पोराला घेऊन या

"बाई, स्टॅम्प घेऊनच आलोय. दत्तकाचं तेवढं आज उरकून टाका."

सोमवारचा दिवस, कोर्टात बोर्ड भरलेला आणि चौघं माझ्या टेबलासमोर उभे. दत्तक घेणारा थोरला भाऊ, पोरगं देणारा धाकटा भाऊ, त्यांचा मामा आणि गावचे एक माजी सरपंच. मी विचारलं, "पोरगं कुठाय?" म्हणाले, शाळेत. "आणि बायका?" म्हणाले, "घरी. त्यांचं काय काम? सही लागली तर कागद घरी नेऊन आणतो की." मी स्टॅम्प त्यांच्याच पिशवीत परत घातला आणि चहा सांगितला. सातारा जिल्ह्यातल्या या तालुका कोर्टात वकिलीची सव्वीस वर्षं काढल्यावर एवढं कळतं, की अशा वेळी पुढचा तास समजावण्यात जाणार.

तेव्हा जे सांगितलं तेच इथं लिहिते. हे सगळं १९५६ च्या हिंदू दत्तक व निर्वाह कायद्याबद्दल आहे. हिंदूंबरोबर बौद्ध, जैन आणि शीख यांनाही तो लागू आहे. अनुसूचित जमातींना तो आपोआप लागत नाही, त्यांनी आधी वेगळा सल्ला घ्यावा.

मूल हवंय की वारस?

हा प्रश्न मी पहिला विचारते, आणि बहुतेक घरांत त्यावर गप्प बसतात. नुसती जमीन पुतण्याला मिळावी, भावकीत वाद नको, एवढंच मनात असेल तर दत्तक कशाला? मृत्युपत्र करा. मृत्युपत्र आवडलं नाही तर उद्या रद्द करून नवीन लिहिता येतं. दत्तक एकदा कायदेशीर झालं की ते रद्द करायची सोयच नाही. ना तुम्हाला, ना मुलाच्या जन्मदात्यांना, ना मोठा झाल्यावर त्या मुलाला. कलम १५ तेवढं एकच सांगतं. पोरगं बिघडलं, सून पटली नाही, म्हणून दत्तक परत देता येत नाही. पोटच्या पोराला तरी कुठं परत देता येतं?

दुसरा गैरसमज असा, की दत्तक घेतलं म्हणजे मिळकत त्याच्या नावावर झाली. तसं नाही. वेगळा करार केला नसेल तर दत्तक घेणारा आपली मिळकत हयातीत विकू शकतो, कुणालाही देऊ शकतो.

तिसरा प्रकार पेन्शनवाल्यांचा. "मालक गेले, आता दत्तक घेते, म्हणजे माझ्यानंतर त्याला पेन्शन चालू राहील." असंच एक प्रकरण नागपूरहून सुप्रीम कोर्टात गेलं होतं. केंद्र सरकारचे निवृत्त कर्मचारी १९९४ मध्ये वारले, पत्नीने १९९६ मध्ये मुलगा दत्तक घेतला. जानेवारी २०२३ मध्ये निकाल लागला: कर्मचाऱ्याच्या मृत्यूनंतर विधवेने घेतलेल्या दत्तक मुलाला केंद्राच्या पेन्शन नियमांखाली कुटुंबनिवृत्तिवेतन नाही. दत्तक खरं होतं, पेन्शन मात्र मिळालं नाही.

कोण घेऊ शकतो, कोण देऊ शकतो

मुलगा दत्तक घ्यायचा तर घरात हयात मुलगा, मुलाचा मुलगा किंवा त्याचाही मुलगा नसावा. मुलगी घ्यायची तर हयात मुलगी किंवा मुलाची मुलगी नसावी. म्हणजे मुलगी असलेल्यांना मुलगा घेता येतो आणि मुलगा असलेल्यांना मुलगी. मुलीचा मुलगा आड येत नाही. "आम्हाला नातू आहे" म्हणून लोक उगाच थांबतात. पुरुष मुलगी घेत असेल किंवा बाई मुलगा घेत असेल तर दोघांच्या वयात २१ वर्षांचं अंतर हवं.

लग्न झालेल्या पुरुषाला बायकोची संमती लागते. बायकोला २०१० पर्यंत नवरा हयात असताना स्वतःच्या नावाने दत्तक घेताच येत नव्हतं. त्या वर्षीच्या दुरुस्तीनंतर येतं, पण नवऱ्याच्या संमतीने. अविवाहित, विधवा, घटस्फोटित बाई एकटीने घेऊ शकते.

देण्याचा अधिकार फक्त जन्मदात्या आईबापाला, आणि एकाने दिलं तर दुसऱ्याची संमती हवीच. आजोबा देऊ शकत नाहीत, मामा देऊ शकत नाही, माजी सरपंच तर नाहीच नाही. आईबाप दोघंही वारले असतील किंवा मुलाला टाकून गेले असतील, तर पालक देऊ शकतो, पण आधी कोर्टाची परवानगी काढून. आणि जे मूल आधीच दत्तक गेलंय ते पुढं तिसऱ्या घरी देता येत नाही.

मुलाचं वय पंधरा पूर्ण झालेलं नसावं आणि त्याचं लग्न झालेलं नसावं, रूढी वेगळी असेल तर गोष्ट निराळी. आपल्या जुन्या मुंबई इलाख्यात कुठल्याही वयाचा, अगदी लग्न होऊन पोरंबाळं झालेलाही दत्तक घेण्याची रूढी होती. कोर्टांनी ती मानलेली आहे, सुप्रीम कोर्टाने १९९१ मध्येही मानली. तरी पंधराच्या पुढचा मुलगा असेल तर "आमच्या समाजात व या भागात अशी रूढी आहे" हे वाक्य मी दत्तकपत्रात घालतेच, आणि शक्य झालं तर गावातल्या जुन्या दत्तकांचे दोन कागद जोडून ठेवायला सांगते.

हे सगळं घरच्या, नात्यातल्या किंवा ओळखीच्या मुलाबद्दल झालं. अनाथ, सोडून दिलेलं, संस्थेतलं मूल घ्यायचं असेल तर रस्ता वेगळा: २०१५ चा बालन्याय कायदा, 'कारा'च्या, म्हणजे केंद्राच्या दत्तक प्राधिकरणाच्या, पोर्टलवर नोंदणी, आणि सप्टेंबर २०२२ पासून शेवटचा आदेश जिल्हाधिकाऱ्यांचा. परदेशात राहणाऱ्या भावाला पुतण्या द्यायचा असेल तरी काराचं ना-हरकत लागतं. कुणी "बाळ मिळवून देतो, एवढे द्या" म्हणालं तर उठून चालू लागा. दत्तकासाठी पैसे घेणं-देणं दोन्ही गुन्हा आहे, सहा महिन्यांपर्यंत कैद होऊ शकते.

मांडीवरून मांडीवर

आता मुख्य गोष्ट. दत्तक कागदाने होत नाही. देणाऱ्याने प्रत्यक्ष दिलं आणि घेणाऱ्याने प्रत्यक्ष घेतलं, तेव्हा ते होतं. आपल्याकडं 'ओटीत घातला', 'मांडीवर दिला' म्हणतात ना, कायदाही नेमकं तेच मागतो. दत्तहोम केला तर छान, पण त्यावाचून अडत नाही. देण्याघेण्यावाचून मात्र अडतं.

साताऱ्यात तर हा विषय जुना. १८४८ मध्ये छत्रपती शहाजीराजे वारले, मरणाआधी त्यांनी मुलगा दत्तक घेतला होता. कंपनी सरकारने तो मानला नाही आणि राज्य खालसा केलं. तिथं राजकारण होतं, कायद्याचा निव्वळ बहाणा. पण शेवटच्या क्षणी घाईत केलेल्या दत्तकावर संशय घेतात तो आजही. आजारी माणूस अंथरुणावर असताना "आत्ताच करून घ्या" म्हणणाऱ्या नातेवाइकांना मी डॉक्टरचा दाखला आणायला सांगते.

तर दिवस ठरवा. घरी करा, देवळात करा. आईबाप मुलाला घेऊन एका बाजूला, घेणारं जोडपं दुसऱ्या बाजूला. आईबापाने तोंडाने म्हणायचं, "हा मुलगा आम्ही तुम्हाला दत्तक दिला." घेणाऱ्यांनी म्हणायचं, "आम्ही घेतला." आणि मूल उचलून मांडीवर ठेवायचं. पोरगं बारा वर्षांचं असेल तर उचलायला नको, हात धरून शेजारी बसवा. ते लाजतं, हसतं, चालतं. मग पेढे वाटा.

फोटो काढताना फोटोग्राफरला सांगा, की नुसते ओळीत उभे राहिलेले फोटो नकोत. मूल आईच्या हातातून काकूच्या हातात जातंय तो क्षण पाहिजे. मी एका खटल्यात अल्बमची बावीस पानं चाळली. जेवणाच्या पंगतीचे सात फोटो होते, भटजींचे चार, आणि देण्याघेण्याचा एकही नव्हता.

साक्षीदार तरणे घ्या. मान म्हणून गावातल्या सत्तरीच्या लोकांना पाटावर बसवतात आणि सह्याही त्यांच्याच घेतात. दत्तकाचा वाद निघतो तो घेणारा वारल्यावर, वीस-तीस वर्षांनी. तेव्हा पिंजऱ्यात उभा राहायला कोण उरतं? मानाला म्हातारे बसवा, सहीला तिशीतला भाचा घ्या.

माझ्या हातची एक चूक

वकिलीच्या तिसऱ्या वर्षी मी एक दत्तकपत्र लिहिलं. देणारे आईबाप, घेणारा नवरा, सगळं व्यवस्थित. घेणाऱ्याची बायको शेजारीच बसली होती, काठापदराचं लुगडं, डोक्यावर पदर, पोराला मांडीवर तिनेच घेतलं होतं. सहीची वेळ आली तेव्हा मी तिची सही साक्षीदारांच्या रकान्यात घेतली. संमतीचा वेगळा परिच्छेद घातलाच नाही. मला वाटलं, सही आहे ना, झालं.

चौदा वर्षांनी नवरा वारला, पुतण्यांनी दावा लावला आणि उलटतपासणीत बाईंना विचारलं, "तुमच्या नवऱ्याने दत्तक घ्यायच्या आधी तुम्हाला विचारलं होतं का?" बाई खरं बोलणाऱ्या. म्हणाल्या, "विचारायचं काय त्यात? त्यांनी ठरवलं, मी बसले." त्या एका वाक्यावर सगळं लोंबकळलं. २०११ मध्येच सुप्रीम कोर्टाने एका निकालात स्पष्ट केलं होतं, की बायको समारंभाला हजर होती एवढ्यावरून तिची संमती धरता येत नाही. २०२० मध्ये पुन्हा तेच सांगितलं. माझ्या पक्षकारांना शेवटी तडजोड करून निम्मं रान सोडावं लागलं. मला कुणी काही बोललं नाही. बोलले असते तर बरं झालं असतं.

तेव्हापासून माझ्या प्रत्येक दत्तकपत्रात दोन्ही बायकांची संमती वेगळ्या परिच्छेदात, त्यांच्याच तोंडच्या साध्या मराठीत असते, आणि त्याखाली लगेच सही-अंगठा. सही घ्यायच्या आधी तो परिच्छेद मी त्यांना वाचून दाखवते, आणि नवऱ्यांना तेवढा वेळ बाहेर उभं करते.

कागद

दत्तकपत्रात हे असू द्या: दोन्ही बाजूंची नावं आणि वयं; मुलाची जन्मतारीख, जन्मदाखल्याच्या क्रमांकासह; घेणाऱ्यांना हयात मुलगा-नातू-पणतू नाही (किंवा मुलगी-नात नाही) हे विधान; समारंभाची तारीख आणि जागा; देणंघेणं कसं झालं; संमती; मुलाचं पुढचं नाव. समारंभाची तारीख आणि दस्ताची तारीख वेगळी असली तर वेगळीच लिहा. कागद जुळावेत म्हणून एक करू नका, खोटं तिथंच सापडतं.

नोंदणी सक्तीची नाही, पण कराच. देणारा आणि घेणारा दोघांच्या सह्या असलेलं नोंदणीकृत दत्तकपत्र पुढं आलं, की दत्तक कायद्याप्रमाणे झालं असं कोर्ट गृहीत धरतं आणि ते खोटं ठरवायचं ओझं समोरच्यावर जातं. सही झाल्यापासून चार महिन्यांत दुय्यम निबंधकाकडं दस्त सादर करावा लागतो. मुद्रांक किती लागेल ते त्याच आठवड्यात विचारा, दर बदलत असतात.

नोंदणी झाली की आधी जन्मनोंदीत बदल, मग आधार, मग शाळेचं जनरल रजिस्टर. हाच क्रम ठेवा. शाळेपासून सुरुवात केलेले लोक वर्षभर हेलपाटे घालताना मी पाहिलेत, कारण शाळा जन्मदाखला मागते.

घर बदललं म्हणजे काय बदललं

दत्तकाच्या तारखेपासून मूल सर्वार्थाने नव्या घरचं. जुन्या घराशी नातं तुटतं. फक्त लग्नाची बंधनं राहतात, म्हणजे जिच्याशी आधी लग्न चाललं नसतं तिच्याशी आताही चालत नाही. दत्तकाआधी त्याच्या स्वतःच्या नावावर आलेली मिळकत त्याच्याकडंच राहते. एकत्र कुटुंबातल्या न वाटलेल्या हिश्शावर मात्र भांडणं होतात, म्हणून आधी वाटप करून घ्या किंवा हिस्सा नाही हे स्पष्ट समजून द्या. आणि नव्या घरात ज्या कुणाला दत्तकाआधीच मिळकत मिळून गेली असेल, त्याची ती दत्तक मुलगा काढून घेऊ शकत नाही.

धाकट्या भावाला मी हे सांगितलं तेव्हा तो पहिल्यांदा काही बोलला. "म्हणजे म्हातारपणी माझी पोटगी त्याच्यावर नाही?" या कायद्याखाली नाही. २००७ च्या ज्येष्ठ नागरिकांच्या कायद्याच्या व्याख्येत जन्मदाते आणि दत्तक घेणारे दोन्ही 'पालक' आहेत, त्यामुळे तिथं बोलायला जागा आहे. पण त्या भरवशावर पोरगं देऊ नका.

पोटगीचं

याच कायद्याचा उरलेला अर्धा भाग निर्वाहाचा. रोजच्या भाषेत पोटगी. लोक "१२५ टाकली" म्हणतात, म्हणजे जुन्या फौजदारी प्रक्रिया संहितेच्या कलम १२५ खालचा अर्ज. १ जुलै २०२४ पासून ते कलम भारतीय नागरिक सुरक्षा संहितेचं १४४ झालं. तो रस्ता झटपट: बायको, घटस्फोटित बायको, मुलं, आईबाप, आणि अंतरिम अर्जाचा निकाल शक्यतो ६० दिवसांत. दत्तक व निर्वाह कायद्याचा दावा दिवाणी स्वरूपाचा, सावकाश चालणारा, पण त्याचं जाळं मोठं. दोन्ही करता येतात. एकात मिळालेली रक्कम दुसऱ्यात लपवू नका, वजावट होते.

सज्ञान अविवाहित मुलगी स्वतःचा खर्च भागवू शकत नसेल तर १९५६ च्या कायद्याखाली लग्न होईपर्यंत बापाकडं मागू शकते, लग्नाचा वाजवी खर्चसुद्धा. फौजदारी बाजूला, म्हणजे त्या १४४ खाली, सज्ञान मुलीला शारीरिक-मानसिक व्यंग असल्याशिवाय मिळत नाही. हा फरक सुप्रीम कोर्टाने २०२० मध्ये स्पष्ट केला. आईबापांची जबाबदारी मुलावर तशी मुलीवरही, लग्न झालेलं असलं तरी. निपुत्रिक सावत्र आईसुद्धा 'आई'त येते. म्हाताऱ्यांना कोर्ट झेपणार नसेल तर प्रांताकडं २००७ च्या त्या ज्येष्ठ नागरिक कायद्याचं न्यायाधिकरण आहे, महिना १०,००० रुपयांपर्यंत आदेश होतो. बक्षीसपत्राने घर मुलाला देऊन बसला असाल आणि त्यात "मला सांभाळायचं" ही अट लिहिलेली असेल, तर ते बक्षीसपत्र रद्द करून मागता येतं. अट लिहिलेली असेल तर, हे पुन्हा वाचा.

नोव्हेंबर २०२० पासून पोटगीच्या प्रत्येक प्रकरणात दोघांनाही उत्पन्न, मालमत्ता आणि देणी यांचं प्रतिज्ञापत्र द्यावं लागतं. हा सुप्रीम कोर्टाचा निकालही नागपूरच्या प्रकरणातला. त्यातच ठरलं, की रक्कम अर्जाच्या तारखेपासून द्यायची. म्हणून रडत सहा महिने माहेरी बसू नका, आधी अर्ज दाखल करा. वकिलाला पैसे नसतील तर तालुका विधी सेवा समितीत जा, बायकांना उत्पन्नाची अट नाही. थकबाकी वसुलीचा अर्ज रक्कम देय झाल्यापासून वर्षाच्या आत करा. चौदा महिने वाट पाहून आलेल्या बाईचे दोन महिने मी वाचवू शकत नाही.

सर्वांत कमी माहीत असलेलं कलम विधवा सुनेचं. कलम १९. मागच्या पावसाळ्यात एक आली, पिठाच्या पिशवीत कागद गुंडाळून: नवऱ्याचा मृत्यूचा दाखला, सासऱ्याचे सातबारे, आठ-अ. सासरे म्हणत होते, "मुलगाच नाही तर सून कुठली?" तिची स्वतःची कमाई नाही, नवऱ्यामागे काही उरलं नाही, माहेरची मिळकत नाही, मुलं लहान. अशा सुनेला सासऱ्याकडून पोटगी मागता येते, मात्र सासऱ्याच्या ताब्यात वडिलार्जित एकत्र कुटुंबाची मिळकत हवी आणि तिला त्यातला वाटा मिळालेला नसावा. सासऱ्याच्या स्वकष्टाच्या पगारातून नाही. पुन्हा लग्न केलं की हक्क संपतो. सासरे वारले तरी ती त्यांच्या अवलंबितांमध्ये मोडते आणि ज्या वारसांना मिळकत मिळाली त्यांच्याकडं मागू शकते.

तिच्या सातबाऱ्यांचे जुने फेरफार आम्ही काढले. जमीन आजेसासऱ्यांपासून आलेली निघाली. तेवढ्यावर अर्धी केस उभी राहिली. नुसता हुकूम घेऊन थांबू नका. पोटगीचा बोजा मिळकतीवर आपोआप चढत नाही, हुकूमनाम्यात तसं मागून घ्यावं लागतं; नाहीतर सासरे जमीन विकून मोकळे होतात. तिच्या दाव्यात आम्ही तो मागितला, मिळाला, आणि हुकूमनाम्याची नक्कल घेऊन ती स्वतः तलाठ्याकडं गेली. इतर हक्कात नोंद झाल्याचा सातबारा तिने मला आणून दाखवला.

आणि ते चौघं? गुरुवारी परत आले, सात जण होऊन. पोरगं गणवेशातच होतं. धाकट्याच्या बायकोने संमतीचा परिच्छेद दोनदा वाचायला लावला, मग म्हणाली, "दिवाळीपर्यंत थांबूया. त्याची सहामाही होऊ दे." स्टॅम्प पुन्हा पिशवीत गेला.